साग्रांतिनोचा घोट

"सुम्मे एकदा पिऊन बघायचं हाय मला, अष्टे," आप्पा म्हणाले. सुम्मे म्हणजे सहजच, आणि अष्टे म्हणजे बस, एवढंच. ब्याऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांनी जन्मात दारूला शिवलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

माझा थोरला भाऊ दारूनं गेला, त्याला बारा वर्षं झाली. शेवटचा तो म्हैसुरात आमच्या कुवेंपुनगरच्या घरी आला, तेव्हा आप्पांनी दार उघडलं नाही. पुढे सरगूरला भाड्याच्या खोलीत राहिला आणि तिथंच संपला. आप्पांनी सगळे विधी केले, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तेव्हापासून त्याचं नाव नाही की 'माझा मुलगा' हे शब्द नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचे, मला एक मुलगी, शाळेत शिकवते. बारा वर्षं मी हा राग गिळत त्यांना वेळेवर कॉफी आणि गोळ्या देत आले. खरं सांगते, एक घोट पोटात गेला तर हा माणूस पोराविषयी बोलेल, एवढ्याच आशेवर मी त्यांना घेऊन गेले.

बारमध्ये नेण्याची सोय नव्हती. आम्ही म्हैसुरातले कापड रंगवणारे जुने रंगारी, प्रत्येक गल्लीत कुणीतरी मामा नाहीतर आत्या निघतेच. शहराबाहेर हिनकलच्या पुढे एक इटालियन रेस्टॉरंट होतं, तिथं आमच्यातलं कुणी फिरकणार नाही अशी खात्री होती. दुपारी बारा वाजता रिक्षानं गेलो. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा.

मालक चाळिशीचा, इटलीतल्या स्वयंपाकघरांत आठ वर्षं राबून परतलेला. "एक साधीशी रेड वाइन द्या," मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. "नावाजलेल्या वाइन कुठंही मिळतात," तो कानडीत म्हणाला. "मी दोन-चार गावांपुरत्या पिकणाऱ्या द्राक्षांच्या मागवतो, तिकडच्या लोकांनाही सगळ्या ठाऊक नसतात." इटालियन म्हणजे पिझ्झा, यापलीकडे माझी मजल नव्हती. आप्पांना मात्र ते पटलं. त्यानं आम्हा दोघांपुढे तीन-तीन ग्लासांत वेगवेगळी वाइन घोट घोट ओतली.

पहिली उत्तरेकडच्या डोंगरातली, स्कियावा. फिकट लाल. आप्पांनी ती खिडकीशी धरली, आणि मी अडवायच्या आत शुभ्र नॅपकिनचं टोक ग्लासात बुडवून पिळलं. "कच्चा रंग. एका धुण्यात जाईल." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मालक मात्र खुर्ची ओढून बसलाच. दुसरी सिसिलीची फ्राप्पातो, वासाला स्ट्रॉबेरी. "सरबत की हे," आप्पा म्हणाले. मलाही ती आवडली, पण मी ते बोलले नाही.

तिसरी साग्रांतिनो, अंब्रियाच्या टेकड्यांवरच्या थोड्याशा गावांची, जवळजवळ काळी. आप्पांनी घोट घेतला. ओठ आवळले, गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. "हिरडा!" ते ओरडलेच.

आमच्याकडे छापण्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवत, म्हणजे रंग धरतो. पाणी पुरेसं कडक झालं का, ते जिभेवर थेंब ठेवून ठरवायचं. आप्पांनी हे मालकाला हातवारे करून समजावलं. तो खूश झाला. "हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीचा आणि बियांचा," तो म्हणाला. "पण तो नेमका ओळखणारी जीभ फार थोड्यांना असते. मला कितीतरी वर्षं लागली."

"नन्न मगन नालिगे हंगे इत्तु," आप्पा म्हणाले. माझ्या मुलाची जीभ तशीच होती.

मी ग्लास खाली ठेवला. आप्पा कानडीतच बोलत राहिले. सात वर्षांचा होता. एक थेंब घ्यायचा आणि सांगायचा, आप्पा, अजून दोन मुठी घाला. कधी चुकला नाही. माझं चुकायचं, त्याचं नाही.

"आता काय करतात ते?" मालकानं सहज विचारलं.

"वारला. दारात आला होता, मी उघडलं नाही."

मालक हळूच उठून आत गेला. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं होतं, आणि मला रडू येण्याऐवजी संतापच आला. परक्या माणसापाशी सांगता, घरात नाही! "माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत आप्पा," मी म्हटलं. "एवढी वर्षं. मला काय वाटत असेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"तू पण होतीस की गं घरात," ते म्हणाले. "तू का नाही उघडलंस?"

मी होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यानं दोनदा मला हाक मारली होती, आप्पांना नाही.