मी नाव खोडलेला नट

जबलपुरात मराठी सिनेमा आपणहून येत नाही, आणावा लागतो. आमच्या मराठी मंडळात ते काम माझ्याकडे आहे, कारण सभासदांच्या याद्या माझ्याकडे असतात. साठ माणसं जमवली की थिएटरचा मॅनेजर रविवारी सकाळचा एक शो देतो.

काही वर्षांपूर्वी अशीच साठ माणसं मी एका नटासाठी नेली होती. कॉलेजात असताना मी त्याच्यावर फिदा होते. त्या सिनेमाचा लेखक तोच, दिग्दर्शक तोच आणि नायकही तोच, त्यामुळे त्याला ‘पुरे’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मध्यंतराआधीच त्याची तीन लांबलचक भाषणं झाली. त्यात मी मध्यंतरात आलुबोंड्यांची पाकिटं वाटायची चूक केली. लोकांनी पाकीट घेतलं आणि घर गाठलं. अकराजण उरले, त्यातले दोघे झोपले होते. मी त्याचं नाव कायमचं खोडलं.

यंदा मंडळाने नेमका त्याचाच नवा सिनेमा ठरवला. मी विरोध केला, मतदान झालं, हरले. मॅनेजरने बजावलं, “मैडम, इस बार भी लोग आधे में भागे, तो मराठी पिक्चर बंद. साफ बोल रहा हूँ.”

मी लगेच नियम केला: पाकिटं सिनेमा संपल्यावरच.

“काहून वहिनी, आम्हाला ओलीस ठेवून राहिल्या का?” मदन महल भागात राहणाऱ्या काकांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

यादी आणि पेन घेऊन मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. जो उठेल त्याला अडवायचं, असा बेत होता.

यावेळीही लेखक-दिग्दर्शक तोच. पण स्वतःला त्याने एका म्हाताऱ्या सासऱ्याचं छोटंसं काम दिलं होतं. चांगली वाक्यं सगळी सुनेला. जेवणाच्या टेबलावर मुलगा आणि सून कडाकडा भांडतात. सासरा एक शब्द बोलत नाही. आवाज चढल्यावर फक्त लोणच्याची बरणी हळूच आपल्याकडे ओढून घेतो. अख्खं थिएटर हसलं. पुढच्याच क्षणी त्याने सुनेकडे असं पाहिलं, की मी हातातलं पेन विसरले. कॉलेजात मी याच डोळ्यांवर भाळले होते.

मध्यंतर झालं, संपलं. मी जागची हलले नाही.

नवरा कुजबुजला, “अगं, किती गेले? मोजून राहिली ना?”

“गप्प बसा हो, ऐकू द्या.”

दिवे लागले तेव्हा माझ्या यादीवर एकही खूण नव्हती. घाबरून मोजायला उठले, पण मोजता येईना. सगळे खुर्च्यांमधल्या वाटेत उभे राहून भांडत होते. निम्मे सुनेच्या बाजूचे, निम्मे मुलाच्या. पाकिटांचं नाव कोणी काढेना. मॅनेजर धावत आला.

“मैडम, हॉल खाली कराइए! बाहर अगले शो की पब्लिक खड़ी है!”

“भैया, दो मिनट,” मी म्हटलं आणि सुनेच्या बाजूने भांडायला गेले.