एकच बूट शिवला

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, चपला-बूट दुरुस्त करतात. दुकानावर पाटी नाही. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास नाकात शिरला की समजायचं, दाजी आले. मांडीवर बूट, ओठांत खिळे, त्यामुळे निम्मं बोलणं नुसत्या हुंकारांत. लग्न ठरलं तेव्हा ताईनं मला विचारलं होतं, ‘कसे वाटतात गं?’ मी म्हटलं, ‘बोलत नाहीत. तुझं छान जमेल.’ मेहुणीला चेष्टेचा हक्क असतो आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही.

दाजींना एकाच गोष्टीचा गर्व होता. चामडं फाटेल, पण आपला टाका उसवणार नाही. एकदा एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की बुटाचा तळ गेला, टाच गेली, नाडीची भोकंसुद्धा फाटली, फक्त तुम्ही घातलेला टाका राहिलाय. दाजींनी ती तक्रार चारचौघांत मिरवली. मी म्हणायचे, ‘दाजी, ताईलाही तुम्ही शिवूनच ठेवलंय का?’ त्यावर ते खिळ्यांमधून हसायचे.

त्यांना मूलबाळ नाही. माझी मुलगी अर्धी त्यांच्याच दुकानात वाढली. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून तिला ‘भिंगरी’ त्यांनीच केलं. मोठी झाल्यावर ही भिंगरी तळ्यावरच्या क्लबात पाण्यावर स्की करायला लागली. एकच लांब फळी, तिच्यावर एकामागे एक बसवलेले दोन रबरी बूट. पुढे बोट सरळ धावते आणि दोरी धरलेली मुलगी पाण्यात तरंगणाऱ्या लाल गोळ्यांना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळसे घालत जाते. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

एके दिवशी तिचा पुढचा बूट टाचेपाशी फाटला. ती तो काढून दुकानात घेऊन आली. दाजींनी आतून नवा पट्टा घातला, दुहेरी शिवण मारली आणि तिच्या पायात चढवून बघितला.

‘काका, हा आता माझा पाय सोडायचा नाही,’ ती म्हणाली.

‘सोडायचाच नाही,’ दाजी खिळ्यांमधून म्हणाले.

मागचा बूट फाटलेला नव्हता, म्हणून तो कुणी आणला नाही आणि दाजींनी मागितला नाही. दुरुस्तीच्या धंद्याची रीतच तशी आहे. जे फाटलं ते शिवायचं, चांगल्याला सुई लावायची नाही.

दुसऱ्या दिवशी वळसा घेताना भिंगरी पडली. तशी ती रोजच पडायची. पण या वेळी मागच्या सैल बुटातून एक पाय लगेच निसटला आणि पुढचा पाय त्या नव्या पट्ट्यात घट्ट राहिला. पाण्यानं फळी पिळली, फळीबरोबर पाय पिळला. मी धक्क्यावर उभी होते. तिची किंकाळी बोटीच्या आवाजावर चढून माझ्यापर्यंत आली. नडगीचं हाड मोडलं होतं आणि घोट्याचं लिगामेंट फाटलं होतं.

दवाखान्यात तिची कोच म्हणाली, ‘दोन्ही पाय एकदम सुटले असते तर काही झालं नसतं. एक सुटला, एक अडकला, तिथे घात झाला.’ कोचनं कुणाकडे बोट दाखवलं नाही. पण दाजी दारात उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. त्यानंतर ते खोलीत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. ताई डबा आत आणायची आणि मी विचारायच्या आत सांगायची, ‘बाहेर आहेत.’

मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? एक दिवस मी पदर खोचून भांडायलाच गेले. बघते तर माझ्याआधीच हा माणूस स्वतःशी भांडून पार हरून बसलेला. मी नुसतंच म्हटलं, ‘चहा घेणार का?’ त्यांनी मान हलवली, ती हो की नाही ते मला कळलं नाही.

दुकान चालू होतं, पण दाजी वेगळे झाले होते. कुणी तुटलेली एक चप्पल आणली की ते म्हणायचे, ‘दुसरी कुठाय?’

‘ती चांगली आहे.’

‘असू दे. दाखवा.’

लोक हसायचे. म्हातारपणी डोकं फिरलं म्हणायचे. मीही हसले असते, पण त्यांचा चेहरा बघून हसू यायचं नाही.

पाय बरा व्हायला फार काळ गेला. बरा झाल्यावर मला वाटलं होतं, पोरीची हौस फिटली असेल. कसली फिटते! कोचनं एक धातूची पातळ पाटी आणली. दोन्ही बूट त्या एकाच पाटीवर बसवायचे आणि पाटी फळीला चिकटपट्टीनं लावायची. लहान मुलांच्या बुटांना चर्रकन निघणारी पट्टी असते तशीच, पण कितीतरी दणकट. जोरात पडलं की अख्खी पाटीच फळीवरून निघते आणि दोन्ही पाय एकदम मोकळे होतात. पट्टी जेवढी लांब, तेवढी पकड जास्त.

‘हे काम मला सांगू नका,’ दाजी म्हणाले.

‘तुम्हीच करायचं,’ भिंगरी म्हणाली आणि पाटी त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेली. नकार ऐकून घ्यायची सवय तिला त्यांनीच लावली नव्हती.

दाजींनी पाटी बसवली. क्लबाच्या हिरवळीवर कोच आणि मी फळीच्या दोन टोकांवर उभ्या राहिलो. बुटांत पाय घालून भिंगरीनं सगळं अंग पुढे झोकलं. पाटी चर्रकन निघाली आणि ती माझ्या अंगावर आली. कोचनं पट्टी कमी-जास्त करून पुन्हा पुन्हा तपासली आणि एका मापावर म्हणाली, ‘बस. एवढीच ठेवायची.’ दाजींनी सुतळी लावून ते माप घेतलं.

भिंगरी पाण्यात उतरली त्या दिवशी दाजी धक्क्यावर माझ्या शेजारी होते, पण तळ्याकडे पाठ करून. तिनं एक वळसा घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यासाठी नुसतीच कलली होती, काहीही चुकलं नव्हतं, आणि भर वेगात पायाखालची पाटी निघाली. ती तोंडावर आपटली. मागून आलेली फळी कपाळावर बसली. बोटीतून आणली तेव्हा भुवईतून रक्त गळत होतं.

कोचनं पाटी उलटी केली. पट्टी दोन्ही टोकांना आखूड होती. ती काही विचारणार, तोच दाजी बोलले.

‘मी कापली. दोन-दोन बोटं. काल.’

‘का?’

‘लवकर सुटावी म्हणून.’

‘अहो, नको तेव्हा सुटली तर तीही मारतेच की!’

भिंगरी भुवईवर फडकं दाबून बसली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, ‘पाय माझा होता, काका. तुम्ही तुमचा जीव शांत केलात.’

त्या वेळी मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. कारण ती कात्री माझ्या हातात असती तर मीही कापली असती, चांगली चार बोटं कापली असती.

भुवईचे टाके निघाल्यावर ती फळी आणि पाटी घेऊन पुन्हा दुकानात आली. मी तिच्याबरोबर होते. दाजी हातातला बूट खाली ठेवून म्हणाले, ‘बाळा, दुसऱ्या कुणाकडून लावून घे. माझ्या हाताला आता यश नाही.’

‘पडायची भीती मला नाहीच,’ ती म्हणाली. ‘मला न सांगता तुम्ही काहीतरी कराल, त्याची आहे. एवढं सांभाळा, मग लावा.’

दाजींनी ओठांतले खिळे काढून डबीत टाकले. नवी पट्टी घेतली, सुतळीवर मोजली आणि कोचनं ठरवलेल्या मापाला कापली. तिच्यासमोर पाटीखाली चिकटवली आणि पाटी फळीवर ठेवली. मग दोन्ही हात पाटीवर ठेवून थांबले.

‘सांगू?’ ते म्हणाले.

‘सांगा.’

‘आत्ताही सैल ठेवावीशी वाटतेय गं.’

भिंगरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. ‘वाटू दे, काका,’ ती म्हणाली. ‘ठेवू नका.’

दाजींनी पाटीवर गुडघा टेकला आणि सगळं वजन घालून ती फळीवर दाबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण गुडघा त्यांनी उचलला नाही.