माझा पायगुण आणि चिकटलेले कांदे

नाशिकजवळ अंबडला असलेल्या आमच्या कंपनीत कांदे निवडायचं मशीन बनायचं. पट्ट्यावरून कांदे जात, वरचा कॅमेरा फोटो काढी आणि सडका कोणता, चांगला कोणता ते कॉम्प्युटर ठरवी. या दोघांची बोलणी करून देणारा, ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, स्वतः लिहिलेला. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चाले. तिथे सरांच्या कोडला बोट लावणं म्हणजे देवघरात चपला घालून शिरणं.

मी टेस्टिंगला, तेही कच्च्या नोकरीवर. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मशीन लासलगावला रवाना होण्याआधी ठरणार होतं.

पंचाईत अशी, की बाकी कोणीही चालवलं तर मशीन सुरळीत चाले. मी चालवलं की पडदा निळा होऊन सगळं ठप्प. लवकरच निदान झालं: माझा पायगुण. इंजिनिअर मंडळींनी, हो, पदवीधर मंडळींनी, मशीनला लिंबू-मिरची बांधली. सरांनी वणीच्या गडावरचं कुंकू कॅबिनेटला लावलं आणि मला प्रेमानं म्हणाले, "तू जरा लांबच बस गं." आमचा फिटर तेवढा हळहळला. "ताई, तुम्ही आल्या का मशीन डोळे पांढरे करतंय. लय वाईट वाटतं, पण इलाज नाय."

वाईट मलाही वाटत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. बाकीचे टेस्टिंग कसं करत? निवडक कांदे वीतभर अंतरानं मांडून, पंगतीत व्याही बसवावेत तसे. मी आख्खं क्रेट ओतायची. लासलगावात कांदा काय रांग धरून येतो?

शेवटी मी प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन, डीबगर, जोडला आणि मशीन बंद पडतानाचा क्षण पकडला. पडद्यावरच्या यादीत एकाच फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याचं, नाव खाली, खाली, आणखी खाली, संपेचना. एकमेकांना चिकटलेले कांदे दिसले, की ढीग फोडायला सरांचं फंक्शन स्वतःलाच बोलवायचं, ते पुन्हा स्वतःला. दर वेळी मेमरीतली थोडी जागा अडवायचं. त्या जागेला स्टॅक म्हणतात, आणि कर्नलमध्ये ती मुळातच टीचभर. ती भरली की कारभार आटोपला.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "शेतकऱ्यांना सांगायचं ना, कांदे सुटे टाका म्हणून."

अखेर त्यांनी ते फंक्शन बदललं. आता ते स्वतःला न बोलावता एकेक ढीग मुकाट फोडू लागलं. सगळ्यांसमोर मी क्रेट ओतलं, मग दुसरं ओतलं. मशीन चालत राहिलं. टाळ्या पडल्या. सरांनी मशीनला हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुंकवानं काम केलं बघा! हिचा पायगुणही सुधारला. हिला कायम करून टाकू."

नोकरी हवी होती. मी हसून "थँक्यू सर" म्हणाले. त्या थँक्यूचा मला जेवढा राग येतो, तेवढा त्या पायगुणाचाही येत नाही.