कानवाले आणि भारी हेडफोन

पाणीपुरवठा खात्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. खड्डे खणणाऱ्या गड्यांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना 'कानवाले' म्हणत. चिडवण्यासाठी ठेवलेलं नाव त्यांनी पदवीसारखं स्वीकारलं होतं. आपल्याला कान आहेत आणि बाकीच्या जगाला फक्त कानाच्या पाळ्या आहेत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यांचं काम मोठं चमत्कारिक होतं. रस्त्याखालची पाइपलाइन कुठे फुटली ते वरून दिसत नाही. पाणी वर येतं ते भलतीकडेच, आणि कधी कधी येतच नाही, गपचूप गटारात जातं. ते शोधायला कानवाले रस्त्यावर एक जड, ताटलीएवढा माईक टेकवत. त्याची वायर गळ्यात अडकवलेल्या, आवाज मोठा करणाऱ्या डब्यात जाई आणि डब्यातून हेडफोनमध्ये. मग हातभर पुढे, पुन्हा टेकव, पुन्हा ऐक. फुटलेल्या पाइपातून पाणी निघताना दातांच्या फटीतून श्वास सोडावा तसा बारीक, न थांबणारा आवाज होतो. तो जिथे सगळ्यांत मोठा, तिथे खडूने फुली मारायची. फुलीवर गडी खणत.

यातही त्यांची एक पद्धत होती. हेडफोनची डावी वाटी ते कानावर ठेवत आणि उजवी कानामागे सारत. कारण जमिनीतून नुसतं पाणी ऐकू येत नाही. कुणाची मोटार, कुणाचा पंखा, कुणाचा फ्रीज, सगळ्यांची घरघर मातीतून येते. उजव्या, उघड्या कानाने रस्त्यावरचे आवाज टिपायचे, डाव्या कानातून ते वजा करायचे. उरेल ते पाणी. ही वजाबाकी कानवाले तेवीस वर्षं करत होते, आणि ती दुसऱ्या कुणाला जमेल अशी शंकाही त्यांना कधी आली नव्हती.

हेडफोन घालून रस्त्याने चालणारी माणसं दिसली की ते थांबून बघत, जसं एखाद्याने पायात टोपी घातलेली बघावी. "दोन्ही कान बुजवून चाललाय," ते म्हणत. "मागून ट्रक आला तर गाण्याच्या तालावर जाईल."

त्यांच्या तिरस्काराचा सगळ्यांत मोठा वाटा मात्र मेहुण्याच्या नावावर होता. मेहुणा विमा कचेरीत कामाला. त्याच्या घरात काचेचं कपाट होतं आणि कपाटात लाकडी खुंट्यांवर नऊ हेडफोन टांगलेले. पाहुणा आला की पाण्याचा पेला नंतर, आधी हेडफोन.

"भाऊजी, हा ऐका. गायिका श्वास घेते तोसुद्धा कळतो."

"तिला श्वास घ्यायची चोरी आहे का? घेऊ दे की बिचारीला."

"तसं नाही हो. प्रत्येक वाद्य कुठे बसलंय ते डोळ्यांपुढे येतं."

"मग सतरंजी घाल त्यांना," कानवाले म्हणत, आणि हेडफोन दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर परत करावा तसा परत करत.

त्या वर्षी बेकरीच्या गल्लीत पाणी चढेना. वरच्या मजल्यावरची माणसं तीन आठवडे बादल्या घेऊन जिने चढत होती. गल्लीत गळती आहे हे उघड होतं. कानवाल्यांनी पहिली फुली मारली. गड्यांनी कमरेइतका खड्डा खणला. पाइप कोरडा ठणठणीत. चार दिवसांनी दुसरी फुली. दुसरा खड्डा. तोही कोरडा.

गड्यांचा मुकादम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कानवाले, पाणी कुठंय?"

"फुलीच्या उजवीकडे खणलंत तुम्ही. फावडं सरळ धरता येत नाही आणि मला विचारतोस."

मुकादमाने खड्ड्याकडे पाहिलं, फुलीच्या उरलेल्या अर्ध्या रेघेकडे पाहिलं. रेघ बरोबर खड्ड्याच्या काठावर होती. तो माती परत ढकलायला लागला.

साहेबांनी कचेरीत बोलावलं. साहेब वयाने लहान, टेबल मोठं. "हे बघा, आणखी एक खड्डा कोरडा निघाला तर हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलंय. तुम्हाला आम्ही तक्रार-खिडकीवर बसवू. बसून काम, पंख्याखाली." मग जरा मऊ होऊन, "तुमचा हेडफोन जुना झालाय. खात्याकडून नवा यायला वर्ष जाईल. स्वतःच एक चांगला घ्या ना."

तक्रार-खिडकी! तिथे बसणाऱ्याला दिवसभर लोकांचं ऐकावं लागतं. ज्या माणसाने तेवीस वर्षं जमिनीचं ऐकलं त्याने आता 'आमच्याकडे पाणी येत नाही' हे ऐकत बसायचं! साहेबांना पाइप आणि पायजमा यातला फरक कळत नाही, असं मनात म्हणत कानवाले बाहेर पडले. पण हेडफोनचं बोलणं कानात अडकलं. त्याच्या वाटीचा फोम झिजून तुकडे पडत होते हे खरं होतं. दोष हेडफोनचा असेल तर आपला नाही, हा विचार त्यांना बरा वाटला.

घरी बायको म्हणाली, "मग घेऊन टाका की. एवढं काय त्यात."

"तुझ्या भावासारखं कपाट करू?"

"कपाटाचं कोण बोलतंय? मी म्हणते, त्याला सोबत न्या. त्याला त्यातलं कळतं." आणि ते काहीच बोलले नाहीत तेव्हा मोठ्याने, "ऐकताय ना? हल्ली मी काय बोलते ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही."

हे वाक्य कोणत्या नवऱ्याने ऐकलेलं नसतं? कानवाल्यांनी ते नेहमीच्या जागी ठेवून दिलं.

शनिवारी दुपारी ते मेहुण्याबरोबर दुकानात गेले. दुकान थंडगार, उजेड निळसर, आणि भिंतीवर हेडफोन असे मांडलेले की जणू त्यांना कुणी ओवाळणार आहे. कानवाल्यांनी खांद्याला पिशवी लावली होती. मेहुणा उत्साहाने फुलला होता. इतक्या वर्षांत भाऊजींनी त्याला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

विक्रेत्या मुलीने एक काळा हेडफोन काढला. किंमत सांगितली. कानवाल्यांनी भुवई उचलली.

"यात माणूस पण येतो का? डोक्यावर धरून उभा राहणारा?"

मुलगी हसली. "गाणं लावू का, काका?"

"गाणं नको. नळ कुठंय?"

"प्यायला पाणी हवंय का?"

"ऐकायला हवंय."

त्यांनी पिशवीतून माईक आणि डबा काढला. मेहुणा इकडेतिकडे बघू लागला. दुकानाच्या मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन होतं. कानवाले गुडघ्यावर बसले, माईक भिंतीतल्या पाइपाला टेकवला आणि महागडा हेडफोन डब्याला जोडला. आपली पद्धत बाजूला ठेवून पहिल्यांदा दोन्ही वाट्या कानांवर ओढल्या, कारण वस्तू तपासायची तर पूर्ण तपासावी.

आणि त्यांना जे ऐकू आलं त्याने क्षणभर त्यांचं नाक मुरडलेलंच राहिलं, पण मन सरळ झालं. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला होता, तो कळला. पाइपाच्या वळणावर पाणी आपटत होतं, ते कळलं. कुठेतरी वॉशर गेलेला नळ थेंब सोडत होता. थेंब मोजता आले असते. तेवीस वर्षं आपण बंद दारातून बोलणं ऐकत होतो आणि आज कुणी दार उघडलं, असं वाटलं. मेहुण्यासमोर हे कबूल करायची मात्र पंचाईत होती. म्हणून त्यांनी खोट शोधायला सुरुवात केली, आणि खोट सापडली.

"हॅ!" ते उठत म्हणाले. चेहरा उजळला होता. "एवढी किंमत आणि डावी बाजू लंगडी! उजवीकडे धबधबा आणि डावीकडे कुजबुज. हे विकता तुम्ही?"

"असं होणार नाही, काका. थांबा, उलटा घाला बरं."

तिने हेडफोन काढून फिरवून घातला. आता उजवी वाटी डाव्या कानावर होती. कानवाले ऐकत राहिले.

"आता?"

त्यांनी स्वतः तो पुन्हा फिरवला. पुन्हा ऐकलं. वाट्या कशाही फिरवल्या तरी कुजबुज डावीकडेच राहत होती.

मेहुण्याने हेडफोन घेऊन स्वतःच्या डोक्यावर चढवला. "दोन्ही बाजू सारख्या आहेत, भाऊजी," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं.

मुलगी चांगल्या घरची होती. तिने घाईने वायरकडे पाहिलं. "कधी कधी वायर सैल असते, काका."

"वायर चांगली आहे," कानवाले म्हणाले. "ठेवून दे, पोरी."

रस्त्यावर आल्यावर मेहुणा बराच वेळ गप्प चालला. एरवी तो गप्प राहावा म्हणून कानवाल्यांनी काय दिलं नसतं! चौकात तो म्हणाला, "ताईला मी काही सांगणार नाही."

हे सगळ्यांत जास्त लागलं. नऊ हेडफोनवाल्या माणसाने आपल्याला सांभाळून घ्यावं! कानवाल्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण रागाला धरायला जागा सापडेना. घरी पोचेपर्यंत त्यांचा सगळा तुच्छतेचा साठा, जो ते इतकी वर्षं मोकळ्या हाताने वाटत आले होते, स्वतःकडे वळला होता. डावा कान गेला, आणि ज्याचा गेला त्यालाच कळलं नाही! ऐकू येईना म्हणून डब्याचा आवाज वाढवत राहिलो. आवाज वाढवला की बेकरीचा पंखासुद्धा गळतीसारखा वाटतो. आणि वर, फावडं वाकडं धरलं म्हणालो!

महागडा हेडफोन घेतला असता तरी तो डाव्या कानावरच बसला असता. उजवा कान आत घालावा, तर रस्त्याचं ऐकायला डावा उरतो, आणि तो आता रस्त्याचंही धड ऐकत नव्हता. वजाबाकी करायला दोन आकडे लागतात. एकच उरला होता. एक मार्ग सोपा होता: सोमवारी साहेबांना सांगायचं, द्या खिडकी. खात्यात कुणाला काही कळलं नसतं.

सोमवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत ते बेकरीच्या गल्लीत होते. जुना हेडफोन गळ्यात. मुकादम गड्यांना घेऊन आला, तसं त्याला बाजूला घेतलं.

"माझ्या मागे चाल. रस्त्यावर जो आवाज चालू असेल तो सांगत राहा."

"कशाला? तुम्हाला काय ऐकू येत नाही?"

"डाव्या कानाने नाही येत."

मुकादम बघतच राहिला. मग हळूहळू म्हणाला, "म्हणजे ते दोन खड्डे—"

"माझे."

"कमरेइतके होते, कानवाले. दोन्ही. माझ्या एका गड्याची पाठ अजून धरलीय. आणि तुम्ही म्हणालात, फावडं सरळ धरता येत नाही."

"म्हणालो."

"सगळ्यांसमोर म्हणालात."

"हो."

मुकादमाने मान वळवून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. त्याच्या नजरेत जे होतं ते कानवाल्यांनी लगेच ओळखलं. ती नजर त्यांची स्वतःचीच होती, इतकी वर्षं इतरांवर टाकलेली. मग मुकादम गड्यांकडे गेला आणि मोठ्याने म्हणाला, "ऐका रे. ते दोन खड्डे आपल्यामुळे फुकट गेले नव्हते. कानवाल्यांचं चुकलं होतं. ते म्हणतायत तसं." आणि परत येऊन, "ठेवा तुमची ताटली."

कानवाल्यांनी वाटी उजव्या कानावर घेतली. नव्या कानाला पाण्याची ओळख नव्हती. त्याला सगळंच परकं, तीक्ष्ण वाटत होतं.

"बेकरीचा पंखा," मागून मुकादम. "चालूच आहे."

हातभर पुढे.

"पंखा. वर कुणाचं तरी वॉशिंग मशीन. थांबलं आता. सायकल गेली."

"सायकल नको सांगू. ती थांबत नाही एका जागी."

"तुम्ही म्हणालात सगळं सांग."

"चालू राहील तेच सांग, शहाण्या."

"पंखा," मुकादम म्हणाला. "शहाणा तुम्ही. पंखा. पंखाच."

पंखा वजा करायचा. कानवाले पुढे सरकले. तेरा वेळा माईक ठेवला, तेरा वेळा उचलला. चौदाव्या वेळी पंख्याच्या घरघरीखाली काहीतरी बारीक होतं, चिकटून राहिलेलं.

"आता काय चालू आहे?"

"पंखा."

"आणखी?"

"काही नाही. देवाशपथ काही नाही."

त्यांनी फुली मारली. फुलीची एक रेघ वाकडी गेली.

साहेब आले तेव्हा खड्डा गुडघ्याइतका होता आणि कोरडा होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. खड्डा मांडीपर्यंत गेला. माती पिवळी, भुसभुशीत. मुकादम स्वतः खड्ड्यात उतरला. कानवाल्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. कमरेपर्यंत आल्यावर फावड्याचा आवाज बदलला. हा बदल त्यांना कुठल्याही हेडफोनशिवाय कळला. माती काळपट झाली, मग चिकट, मग मुकादमाच्या घोट्याभोवती पाणी जमायला लागलं. पाइपाच्या सांध्यातून पाण्याचा पातळ फवारा सुटला आणि मुकादमाच्या तोंडावर उडाला. त्याने शिवी दिली, आणि ती ऐकून बाकीचे गडी हसले.

"मग! घेतला ना नवा हेडफोन?" साहेब खूश होऊन म्हणाले. "मी म्हणालो होतो."

"नाही, साहेब. हेडफोन जुनाच आहे. माझा डावा कान गेलाय. यापुढे फुली मारताना हा मुकादम सोबत लागेल. नाहीतर द्या खिडकी."

"अहो, असं दोन माणसांना एक काम कसं लिहिणार मी?"

खड्ड्यातून मुकादम म्हणाला, "मग तुम्ही येत जा, साहेब. पंखा चालू आहे की बंद एवढंच सांगायचं असतं."

साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी वहीतलं पान फाडून कानवाल्यांपुढे धरलं. "लेखी द्या. कानाचं. सहीनिशी."

कानवाल्यांनी पान गुडघ्यावर ठेवून दोन ओळी लिहिल्या. अक्षर वळणदार होतं. खडूने माखलेल्या बोटांचे ठसे कडेला उमटले. साहेबांनी वाचलं, ठसे झटकायचा प्रयत्न केला, ते निघाले नाहीत. त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं.

"परवा टाकीमागचा रस्ता," ते म्हणाले. "दोघंही या."