दाराबाहेरचा तास

“मंग पुढं काय झाला, टीचर?”

प्रश्न वर्गाबाहेरून आला आणि नववीची मुलं हसली. दाराशी मावशी उभ्या होत्या, आमच्या शाळेतल्या शिपाई. तुमच्याही शाळेत अशी कोणी असेल. दिवसभर उभी, म्हणूनच कुणाला न दिसणारी.

धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. शिकवणं इंग्रजीतून, पण अवघड भाग मी मराठीतून सांगते. तेवढाच मावशींच्या कानावर पडलेला. पुढचं मी त्यांना मधल्या सुट्टीत सांगितलं, तेही हळू आवाजात. तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यातल्या हैतीत उसाच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. मालक जेवताना पॅरिसच्या बातम्या बोलायचे, की माणसं जन्मतः समान आहेत. वाढणारे गुलाम ते ऐकत होते.

“आनि मालकांना वाटला, यांना कान नाय,” मावशी म्हणाल्या.

त्या खाडीकाठच्या जूचंद्र गावच्या. लग्नाआधी मिठागरात टोपल्या वाहिलेल्या. “आमच्याकडं मीठ, त्यांच्याकडं साखर. डोकी तीच.”

आठवडाभर रोज विचारायच्या, “मंग पुढं?” गुलाम लढले, हरले, परत लढले. मी बोलताना अडखळले की पेला पुढे करायच्या, “पानी पी, मंग सांग.” शेवटी गुलामांनी स्वतःचा देश केला, हे ऐकल्यावर मावशी पेला उचलून घंटा द्यायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतलं टाकून दिलेलं स्टूल आणलं, ऑफिसच्या दाराशी ठेवलं आणि बसल्या.

मुख्याध्यापिका थबकल्या. “हे काय?”

“दोन घंटांच्या मधी बसते, मॅडम. घंटा झाली की उठते.”

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

मी तिथेच होते, वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कोनी नाय. पाय दुखतात.”

मी वर्गात निघून गेले.

मावशी कंत्राटावर होत्या; जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्यांना परत बोलावलं नाही. स्टूलही दिसेना. दाराशी नव्या मावशी उभ्या राहिल्या.

परवा स्टाफरूममध्ये चहा घेताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आधीच्या बाई कामाला चांगल्या होत्या. त्यांच्या डोक्यात कोणी काय भरवलं, कळलंच नाही.” नव्या मावशी रिकामा ट्रे धरून कपाटाला टेकल्या होत्या. ऐकत होत्या.

मी कप खाली ठेवला.

“त्यांना मी सांगितलं होतं, मॅडम. यांनाही सांगणार आहे. मावशी, बसा.”