मनोहर काकांच्या तांब्यावरचं नाव

माझ्या मनोहर काकांना कुठल्याच कोर्टाने शिक्षा केली नाही. ती मी केली.

काका आज सकाळी गेले. भंडाऱ्यात पितळी भांड्यांवर नावं टाकायचे. लग्नाच्या भांड्यांवर नवरा-नवरीची नावं, मध्ये छोटंसं फूल.

दुकानामागच्या खोलीत ते आणि दयाराम काका अकरा वर्षं राहिले. लोक म्हणायचे, रूम पार्टनर. आम्हीही तेच म्हणायचो, सोयीचं होतं.

एकदा शेजारी पाणी प्यायला आत आला आणि तांब्या बघून थबकला.
'मनोहर – दयाराम.' मध्ये फूल.
"उद्या पोलीस ठाण्यात जातो," म्हणाला.

दयाराम काका तेव्हा गावी, नाकाडोंगरीला गेले होते. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली.

"काका, हे नाव मिटवा. कलम तीनशे सत्त्याहत्तर लागते. दोघंही अंदर जाल."
"पोरी, मी नावं टाकतो. मिटवाचं काम नाही केलं कधी."
"काका, जन्मठेपही होऊ शकते."

त्यांनी कानस घेतली. 'दयाराम' घासून काढलं. मी दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होते, पोलीस येतात का म्हणून.

कोणीच आलं नाही.

दयाराम काका परतले, तांब्या पाहिला, बॅग उचलली. "माह्यानं तुले तरास नको," एवढंच म्हणाले.

तांब्यावरची दोन नावं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, हे मला तिसऱ्या वर्षाला कळलं. काकांना सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे त्या कलमावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मी पेपर घेऊन धावत गेले.
"काका, आता गुन्हा नाही राह्यला. टाका न नाव परत."
"तिथं पितळ पातळ झालं, पोरी. कोरलं तं भोक पडन."

आज दयाराम काका एसटीने आले. शेवटचं पाणी द्यायला कोणीतरी स्टीलचा ग्लास पुढे केला. मी तो तांब्या आणून दिला.

त्यांचा अंगठा बरोबर त्या जागेवर गेला.

"मीच सांगितलं होतं मिटवायला," मी म्हणाले.

"मालूम आहे. फोनवर सांगे तो. पोरीले म्हणू नको म्हणे, ते रडन."

काकांना कारध्याच्या घाटावर पोचवून आत्ताच परत आलो.

काका, तांब्या दयाराम काकांसोबत गेला. मला माफ करा. या आता.