मांजरीच्या अंगाला धुरीचा वास

भिंगारला स्टाफ क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हाची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लेकरांच्या जागी दोन मांजरी होत्या, करडी आई आणि तिची पांढरी लेक. ऐन थंडीत पांढरी आठ दिवस गायब झाली. मी लाईनीतल्या एकाही घराला संशयातून सोडलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाईसाहेब शेपूट वर करून हजर, चांगल्या गुबगुबीत होऊन. करडीनं तिचा वास घेतला आणि फिस्कारली. पोटच्या लेकीला बशीपाशी येऊ देईना, पंजा मारून तिचं नाक रक्ताळून टाकलं. दोन दिवस हेच चाललं. नवरा म्हणाला, असंच चालणार असेल तर पांढरीला बाजारात सोडून येतो. मला धसकाच बसला.

मग मीही तिला उचलून हुंगलं. ओवा, बाळंतशेपा आणि वर कोळशाचा धूर. हा वास मला पाठ होता. बहिणींच्या बाळंतपणांत धुरीची शेगडी मीच पेटवायची. पण क्वार्टर्समध्ये कुणी बाळंत झाल्याचं माझ्या कानावर नव्हतं.

"हिच्या अंगाला धुरीचा वास कसा?" मी सासूबाईंना विचारलं. त्या शेवगावकडच्या, एरवी बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत.

"शेकोटीला बसली आसंल कुठं," एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडायला लागल्या. तांदूळ मी सकाळीच निवडून ठेवले होते.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "गाईनं वासरू झिडकारलं की आमी त्याच्या अंगाला मीठ चोळतो. चाटता चाटता घेती जवळ. हिला साय लाव."

त्यांनीच पांढरीच्या मानेपासून पाठीपर्यंत साय चोळली. करडी आधी गुरगुरली, मग चाटायला लागली. संध्याकाळी मायलेकी एकाच पोत्यावर झोपल्या. माझा संशय मात्र जाईना, कारण सासूबाई माझ्याकडे बघायचंच टाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरी बाहेर पडली तशी मी तिच्या मागे निघाले. ती थेट मागच्या लाईनीत, माझ्या मैत्रिणीच्या घरात शिरली. रोज नळावर आम्ही दोघी बरोबर असायचो. पण गेले पंधरा दिवस ती घरात पाहुणे आहेत म्हणत मला दारातूनच वाटेला लावत होती. लेकीचं पहिलं बाळंतपण तिच्या सासरीच होणार, असंही तिनंच सांगितलं होतं.

दारातच धुरीचा वास आला. आत तान्हं रडत होतं. मैत्रीण लगबगीनं बाहेर आली. तिच्या खांद्यावर दुपटं होतं, सासूबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं. शिवणही त्यांचीच. म्हणजे सासूबाईंना सगळं माहीत होतं.

"कोण हाय गं?" आतून लेकीनं विचारलं.

मैत्रिणीनं दार अर्धं ओढून घेतलं. "मांजर न्यायला आलीस व्हय?" ती खाली बघत म्हणाली.

वांझेची नजर लागेल म्हणून हे सगळं, ते मला कळलं. खूप राग आला. पण तोंडून निघालं, "हो."

तिनं मांजर आणून माझ्या हातात दिलं आणि दार लावलं.

घरी आले तर करडी पुन्हा फिस्कारली. सासूबाई सायीचं भांडं घेऊन माझ्यासमोर आल्या. मी ते त्यांच्या हातून घेतलं नाही.